गिटार घडविणारे सुतार

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत दरवर्षी पूर्वजांच्या कामगिरीवर एखादा तरी लेख असतो. देवळांचे सभामंडप, वाड्यांच्या कोरीव तुळया, रथ, पालख्या, नांगर, पाळणे यांविषयी जाणत्या मंडळींनी यापूर्वी पुष्कळ लिहिले आहे, आणि त्यात भर घालण्याचा आमचा अधिकार नाही. यंदा संपादकांच्या आग्रहावरून लेखणी हाती घेताना आम्ही मुद्दामच परदेशातील विषय निवडला आहे. तो म्हणजे गिटार हे तंतुवाद्य आणि ते हाताने घडविणारे कारागीर.

सुतार समाजाच्या स्मरणिकेत गिटारीचे काय काम, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की या वाद्याचा इतिहास बव्हंशी सुतारांचाच इतिहास आहे. शिवाय, आपल्या बैठकांत जो प्रश्न वारंवार निघतो आणि अनुत्तरित राहतो, तोच प्रश्न त्या इतिहासात एकदा दरबारापर्यंत गेला होता. धंदा जन्माने मिळतो की हाताने? ज्याचे पूर्वज ते काम करीत होते त्याचा त्यावर हक्क, की ज्याला ते काम साधते त्याचा? सुमारे दोनशे वर्षांपूर्वी जर्मनीतील एका लहानशा गावात या प्रश्नावर रीतसर अर्ज, तक्रारी आणि साक्षी झाल्या. त्या वादात एका बाजूस सुतार होते म्हणून ती हकीकत आपण जाणून घेणे अगत्याचे आहे.

वाद्य आणि सुताराची दृष्टी

प्रथम वाद्याचा थोडा परिचय. आपल्या वाचकांना सतार व तंबोरा ठाऊक आहेत, म्हणून त्यांचेच शब्द वापरतो. गिटारीला भोपळा नसतो. तिचे पोट पातळ फळ्यांचे असते. वरची फळी ती तबली, तिच्यावर तारा पेलणारी घोडी. मागे पाठ, दोन्ही बाजूंना कमरेशी आत वळलेल्या कडा, पुढे दांडी, दांडीवर धातूचे पक्के बसविलेले पडदे आणि शेवटी खुंट्या. तारा सहा.

ही पेटी करणे सुताराच्या नेहमीच्या कामाच्या अगदी उलट आहे. खाट, दार, माळा करताना आपण भार मोजतो आणि त्याहून बळकट काम करून निश्चिंत होतो; लाकूड थोडे जास्त लागले तरी बिघडत नाही. येथे तसे चालत नाही. आतड्याच्या किंवा नायलॉनच्या सहा तारा मिळून सुमारे चाळीस किलोग्रॅमची ओढ घोडीवर पडते, आणि ती पेलणारी तबली जेमतेम दोन ते अडीच मिलिमीटर जाडीची असते. जाड ठेवली तर वाद्य मुके होते, पातळ केली तर ती खचते. मोडण्याच्या सीमेपर्यंत जावयाचे आणि मोडू मात्र द्यावयाचे नाही, अशी ही विद्या आहे.

सेव्हिलचे परीक्षक

मध्ययुगीन युरोपात प्रत्येक धंद्याची एक संघटना असे. आपल्याकडील प्राचीन लेखांत ज्यांना ‘श्रेणी’ म्हटले आहे त्यांच्याशी तिचे बरेच साम्य होते. कोणी उमेदवार घ्यावा, किती वर्षे शिकवावे, दुकान कोणी थाटावे, माल कसा असावा, हे सारे श्रेणी ठरवी.

स्पेन देशातील सेव्हिल नगरीची नियमावली १५२७ साली छापली गेली. तंतुवाद्ये करणाऱ्या कारागिरांचे नियम तिच्यात सुतारांच्या प्रकरणातच घातलेले आहेत. वाद्यकार हा सुतारांपैकीच एक, अशी त्या नगरीची समजूत होती. दुकान उघडू इच्छिणाऱ्याने परीक्षा द्यावी, तीत ल्यूट, वीणेच्या जातीची हार्प आणि गिटारीची पूर्वज जी विह्वेला अशी वाद्ये स्वतःच्या हाताने करून दाखवावी, नुसते ओबडधोबड नव्हे तर जडावकामासह करून दाखवावी, अशी अट होती.

या व्यवस्थेत गुण होता व दोषही होता. गुण असा की काम पाहून परीक्षा होत असे, त्यामुळे गिऱ्हाईक फसत नसे आणि शिकाऊ मुलापुढे निश्चित ध्येय असे. दोष असा की काळाच्या ओघात परीक्षा मागे पडते आणि कुंपण तेवढे शिल्लक राहते. मग ‘तुझे काम दाखव’ असे न विचारता ‘तू कोणाचा?’ एवढेच विचारले जाते. मार्कनॉयकिर्खेन गावी नेमके हेच झाले.

मार्कनॉयकिर्खेनचा वाद

हे गाव जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात, बोहेमियाच्या सरहद्दीलगत आहे. बोहेमियातून धर्मछळामुळे परागंदा झालेल्या व्हायोलिनकारांनी १६७७ साली येथे आपली श्रेणी स्थापन केली, आणि पुढे वाद्यांचे गाव म्हणून त्याची ख्याती झाली. याच गावी ३१ जानेवारी १७९६ रोजी ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन याचा जन्म झाला. बाप योहान गेओर्ग हा फर्निचर करणारा सुतार, आणि घरी गिटारीही करी. मुलगा वाढला तो लाकडाच्या भुशात. पुढे तो व्हिएन्ना येथे गेला आणि योहान स्टाउफर या नामांकित गिटारकाराच्या कारखान्यात काम करून त्याने हात तयार केला. तेथेच एका हार्पकाराच्या कन्येशी त्याचा विवाह झाला आणि काही काळाने तो गावी परतला.

गावात गिटारींना मागणी वाढत होती आणि फर्निचरचे सुतार त्या करीत होते. १८२६ साली व्हायोलिनकारांच्या श्रेणीने याविरुद्ध सरकारकडे दाद मागितली. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता की, आम्ही कलावंत आहोत, आमच्या कामाला सुसंस्कृत अभिरुची लागते. हे सुतार केवळ यंत्रवत् काम करणारे, त्यांनी खुर्च्या-कपाटे करावी, वाद्याला हात लावू नये. ही भाषा आमच्या वाचकांना अपरिचित वाटू नये. एकाच लाकडावर एकाच रंध्याने काम करणाऱ्या दोन माणसांत उच्चनीच ठरविण्याची हौस कोणत्याही एका देशाची मिरास नाही.

सुतारांनी उत्तर दिले, आणि ते मार्मिक होते. गिटार या मुलखात येऊन उणीपुरी तीस-पस्तीस वर्षे झाली असताना दीडशे वर्षांपूर्वीच्या नियमांत तिचे नाव येणार कोठून? जी वस्तू तुमच्या पूर्वजांनी पाहिलीच नाही तिच्यावर तुमचा वडिलोपार्जित हक्क कसा? वाद कित्येक वर्षे रेंगाळला. १८३२ साली एका व्यापाऱ्याने साक्ष दिली की मार्टिनच्या गिटारींत गुणाच्या वा सौंदर्याच्या दृष्टीने काहीही उणे नाही. अखेर सुतारांचा गिटार करण्याचा हक्क टिकला.

परंतु निकाल जिंकूनही मार्टिनचे मन गावात रमेना. ज्या गावी कोणत्या वस्तूस हात लावावा याची परवानगी मागत बसावे लागते तेथे आपल्या मुलांना भवितव्य नाही असे त्याने ठरविले. १८३३ च्या सप्टेंबरात तो कुटुंबासह जहाजावर चढला आणि नोव्हेंबरात न्यूयॉर्कला उतरून तेथे त्याने दुकान घातले. १८३९ मध्ये तो पेनसिल्व्हानियातील नाझरेथ गावी स्थायिक झाला. १८४० च्या दशकात त्याच्या गिटारींत तबलीखाली फुलीच्या आकाराच्या टेकपट्ट्या दिसू लागतात. पुढे विसाव्या शतकात अधिक ओढीच्या पोलादी तारा आल्या तेव्हा तो भार याच फुलीने पेलला, आणि आज जगभर पोलादी तारांच्या बहुतेक गिटारींत तीच मांडणी असते. मार्टिनच्या नावाचा कारखाना नाझरेथ येथे आजही चालू आहे.

परागंदा होऊन आलेल्यांनी जी श्रेणी उभारली तिच्याच वारसांनी दुसऱ्या एका कसबी माणसाला परागंदा होण्याची बुद्धी दिली, हा या हकीकतीतील विचार करण्याजोगा भाग आहे. कुंपण घालणाऱ्यांचे नुकसान काय झाले? त्यांच्या गावचा सर्वोत्तम गिटारकार त्यांच्या गावचा राहिला नाही, हे नुकसान झाले.

आल्मेरियाचा सुतार

आता स्पेनकडे वळू. आज मैफलीत जी गिटार वाजविली जाते तिचे रूप ज्याने निश्चित केले तो आंतोनिओ दे तोर्रेस हाही सुतारच. १३ जून १८१७ रोजी आल्मेरिया शहरालगतच्या एका वस्तीत त्याचा जन्म झाला. बाप करवसुलीच्या कामावर होता, म्हणजे हा धंदा त्याला घरातून मिळालेला नव्हता. बाराव्या वर्षी त्याला सुताराकडे उमेदवारीस ठेवले. लवकर लग्न झाले. मुली दगावल्या, १८४५ साली पत्नीही क्षयाने गेली. तेव्हा तो सेव्हिलला आला. स्पेनमधील श्रेणींचे विशेषाधिकार १८३० च्या दशकात संपुष्टात आले होते, त्यामुळे सुताराच्या पोराने गिटार केली म्हणून त्याला अडविणारे कोणी उरले नव्हते.

१८५० च्या दशकात हुल्यान आर्कास या वादकाच्या प्रोत्साहनाने तोर्रेसने गिटारीचा ध्यास घेतला. १८५८ साली सेव्हिलच्या प्रदर्शनात त्याला पदक मिळाले. त्याने गिटारीचे पोट मोठे केले, तबली पातळ करून तिला किंचित घुमटाकार दिला, आणि तिच्याखाली पंख्याच्या काड्यांप्रमाणे पसरणाऱ्या सात टेकपट्ट्या बसविल्या. पंख्याची कल्पना त्याच्याआधीही होती. तिला प्रमाणबद्ध व पूर्ण रूप त्याने दिले. तारेची मोकळी लांबी सुमारे ६५० मिलिमीटर हे जे माप आज जवळजवळ सर्वमान्य आहे, तेही त्याच्याच गिटारींमुळे रूढ झाले.

त्याची शोधक बुद्धी कशी होती याचा एक दाखला देतो. वाद्याचा आवाज मुख्यतः तबलीवर अवलंबून असतो, पाठ व कडा यांचा वाटा गौण, असे त्याचे मत झाले. ते नुसते सांगत न बसता त्याने १८६२ साली एक गिटार अशी केली की तिची तबली उत्तम लाकडाची, परंतु पाठ व कडा चक्क कागदाच्या लगद्याच्या. ती आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. मताला पुराव्याची जोड देण्याची ही रीत आम्ही वर्गात विज्ञान शिकविताना मुलांना सांगत असू, ती एका अल्पशिक्षित सुताराने आपण होऊन पाळली.

एवढे करूनही या धंद्यावर त्याचे पोट भरेना. १८७० च्या सुमारास तो आल्मेरियाला परतला आणि चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान घालून बसला. १८७५ पासून पुन्हा गिटारी करू लागला आणि १८९२ साली मृत्यू येईपर्यंत करीत राहिला. त्याने एकंदर सुमारे ३२० गिटारी केल्या असाव्या असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

हत्यारे आणि कृती

आता हे काम प्रत्यक्ष कसे होते ते थोडक्यात सांगतो. तोर्रेसची हत्यारे म्हणजे करवत, रंधा, पटाशी, कानस, खरवडण्याची पोलादी पट्टी, सरसाचे भांडे आणि तापविण्याची लोखंडी नळी. यांपैकी शेवटची सोडली तर असे एकही हत्यार नाही जे आपल्या आजोबांच्या पेटीत नव्हते.

तबलीसाठी स्प्रूस नावाचे, देवदाराच्या वळणाचे थंड प्रदेशातील लाकूड घेतात. ते हलके असून रेषेच्या दिशेने फार चिवट असते. ओंडका करवतीने कापण्यापेक्षा रेषेवर फोडला तर तंतू तुटत नाहीत, म्हणून जुने कारागीर पाचरीने फोडलेले लाकूड पसंत करीत. एकाच तुकड्याच्या दोन पातळ फळ्या काढून त्या पुस्तक उघडल्याप्रमाणे शेजारी ठेवतात, म्हणजे उजव्या-डाव्या अंगाच्या रेषा सारख्या येतात. त्यांच्या कडा रंध्याने अशा साधतात की दोन्ही एकत्र धरून उजेडाकडे पाहिले तर कोठेही फट दिसू नये. लाकूड रेषेच्या दिशेने फारसे फुगत नाही, आडवे मात्र हवेतील दमटपणाबरोबर फुगते व आकसते; म्हणून तबली चिकटविण्याचे काम कोरड्या हवेतच करतात. दमट दिवसांत केलेले काम पुढे उन्हाळ्यात तडकते.

जाडी उतरविताना मापापेक्षा कान व बोटे अधिक कामी येतात. फळी दोन बोटांत अलगद लटकवून तिच्यावर टिचकी मारतात. आरंभी ती नुसती ‘टक्’ करते. पातळ होत जाईल तसा तिला नाद येऊ लागतो. कोठे थांबावयाचे हे तो नाद सांगतो, परंतु प्रत्येक झाडाचे लाकूड निराळे असल्याने एका फळीचे माप दुसरीला चालत नाही.

कडांसाठी सुमारे दोन मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या भिजवून तापलेल्या नळीवर वळवितात. उष्णतेने लाकडातील तंतू बांधून ठेवणारे द्रव्य मऊ होते आणि पट्टी वळण घेते. थंड झाल्यावर ते वळण कायम राहते. घाई केली तर पट्टी मोडते, रेंगाळले तर करपते.

स्पेनमधील जोडणीची तऱ्हा विशेष आहे. गिटारीच्या आकाराचा, मध्ये किंचित खोलगट असा एक जाड फळा असतो, त्याला सोलेरा म्हणतात. त्यावर तबली पालथी ठेवून तिला दांडी जोडतात. दांडीच्या बुडाला दोन चिरा पाडलेल्या असतात, त्यांत कडांची टोके सरकवितात. कडा आणि तबली यांचा सांधा धरण्यासाठी लाकडाचे बोराएवढे ठोकळे एकेक करून सरसात बुडवून बोटाने दाबून बसवितात. सर्वांत शेवटी पाठ लावून पेटी बंद करतात. सरस उकळू द्यावयाचा नाही, पाण्याच्या भांड्यात ठेवून गरम राखावयाचा, हे आपल्यालाही ठाऊक आहे. त्याचा मोठा गुण असा की ऊब व ओल दिली की सांधा पुन्हा उघडतो. त्यामुळे शंभर वर्षांची गिटारही खोलून दुरुस्त करता येते.

पडद्यांचे गणित मात्र बोटांवर सोपवून चालत नाही. विख्यात शास्त्रज्ञ गॅलिलिओ याचे वडील विंचेन्झो गॅलिलेई हे संगीतज्ञ होते. त्यांनी १५८१ सालच्या ग्रंथात नियम दिला की उरलेल्या तारेचा अठरावा भाग सोडून पुढचा पडदा बसवावा. नियम सुटसुटीत आहे, परंतु ६५० मिलिमीटरच्या तारेवर तो बारा वेळा लावला तर बारावा पडदा बरोबर मध्यावर, म्हणजे ३२५ मिलिमीटरवर न येता दोन मिलिमीटरांहून अधिक अलीकडे येतो. अठराऐवजी १७.८१७ ने भागले तर तो अचूक मध्यावर येतो. मग पहिला पडदा ३६.४८ मिलिमीटरवर आणि त्याच्यापुढे ३४.४३ मिलिमीटरवर दुसरा. नातवंडांना भागाकाराचा कंटाळा येत असेल तर त्यांना हे बारा भागाकार करावयास सांगावे. बारावे उत्तर आपोआप मध्यावर येते हे पाहून त्यांना आनंद होईल.

गुपित आणि माप

तोर्रेसच्या अखेरच्या वर्षांत त्याला कामात मदत करणारा एक धर्मोपदेशक होता. त्याने १९३१ साली एका पत्रात आठवण लिहून ठेवली आहे. एकदा जेवणाच्या वेळी तोर्रेसला कोणी विनविले की तुमचे गुपित जगाला सांगून ठेवा. त्यावर तो म्हणाला की ते सांगता येण्याजोगे नाही. ते माझ्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकांत आहे, तबली हवी तशी झाली की नाही हे ती टोके माझ्या बुद्धीला कळवितात, आणि म्हणून ते माझ्याबरोबरच जाईल.

हे उत्तर खरे आहे, आणि तेवढेच दुःखाचेही आहे. तोर्रेसने आपली गादी चालविणारा शिष्य मागे ठेवला नाही. मग त्याची विद्या बुडाली काय? नाही, आणि ती कशी वाचली हेच आम्हांस मुख्यतः सांगावयाचे आहे.

ती वाचली कारण त्याने केलेल्या वस्तू इतरांनी उघड्या डोळ्यांनी पाहिल्या व मोजल्या. माद्रिदच्या कारागिरांनी त्याचे नमुने पुढे चालविले. आंद्रेस सेगोविया हा थोर वादक १९२४ मध्ये म्यूनिकला गेला तेव्हा हेर्मान हाउझर नावाच्या जर्मन कारागिराने त्याची माद्रिदची गिटार पाहिली, तिची मापे घेतली आणि मग कित्येक वर्षे नमुन्यामागून नमुने केले. अखेर १९३७ साली त्याने जी गिटार दिली ती सेगोवियाने पंचवीसएक वर्षे वाजविली. आज ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. हाउझर स्पॅनिश नव्हता, तोर्रेसचा नातलग नव्हता, शिष्यही नव्हता.

दुसरे उदाहरण होसे रोमानिल्योस यांचे. १९३२ साली माद्रिदमध्ये जन्मलेला हा मुलगा पोरवयातच फर्निचरच्या कामावर उमेदवार म्हणून लागला. पोटासाठी पुढे इंग्लंडला गेला. तेथे गिटार विकत घेण्याची ऐपत नव्हती म्हणून १९६१ च्या सुमारास स्वतःच करावयास बसला. १९७३ पासून ज्यूलियन ब्रीम या अग्रगण्य वादकाने त्यांच्या गिटारी वाजविल्या. परंतु त्यांचे सर्वांत मोठे काम आम्हांस वेगळेच वाटते. जगभर विखुरलेल्या तोर्रेसच्या गिटारी शोधून त्यांनी त्यांची तपशीलवार मापे घेतली आणि १९८७ साली तोर्रेसचे चरित्र प्रसिद्ध करून ती सर्वांना खुली केली. ज्या मापांवर त्यांचे स्वतःचे पोट होते ती त्यांनी प्रतिस्पर्ध्यांच्याही हाती दिली. बोटांच्या टोकांतील ज्ञान कोणाला देता येत नाही हे खरे, परंतु माप, आकृती आणि कृतीचा क्रम देता येतो, आणि मग दुसऱ्याची बोटे सरावाने तेथवर पोहोचतात. रोमानिल्योस २०२२ साली निवर्तले; त्यांची मापे राहिली आहेत.

आपला संबंध

हा सारा परदेशाचा विषय असला तरी आपला त्याच्याशी अगदीच संबंध नाही असे नव्हे. उत्तम गिटारींची पाठ व कडा पूर्वी ब्राझीलच्या शिसवीच्या करीत. ते लाकूड दुर्मीळ होत गेले. मार्टिन कारखान्याने १९६९ साली भारतीय शिसवी वापरण्यास आरंभ केला. १९९२ मध्ये ब्राझीलच्या शिसवीचा आंतरराष्ट्रीय व्यापार कराराने जवळजवळ बंद झाला. ज्या शिसवीचे पाळणे व पेट्या आपण पिढ्यान्पिढ्या केल्या ती आज जगातील असंख्य गिटारींच्या पाठी झाली आहे. तोर्रेसच्या काळापासून गिटारीला जे फ्रेंच पॉलिश करतात ते म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळविलेली लाख कापडाच्या बोळ्याने चढविणे. आणि लाखेचे माहेर तर हिंदुस्थानच. स्पॅनिश गिटारीची दांडी ज्या अमेरिकन ‘सेड्रो’ लाकडाची करतात ते आपल्या तून वृक्षाचे इतके जवळचे आप्त आहे की वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्वी दोहोंना एकाच कुळनावाने ओळखीत. आणि आपल्या मिरजेच्या सतारी व तंबोरे त्याच तुनाचे होतात.

मिरजेचे नाव आले म्हणून एवढे सांगणे अवश्य आहे की तेथील सतारकार हे सुतार नव्हेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, तलवारींचे दिवस सरले तेव्हा, शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेबांसारखी मंडळी तंतुवाद्यांकडे वळली. त्यांनी हे काम इतके नावारूपाला आणले की २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. वाद्य लाकडाचे आहे, सबब ते सुताराचे, असा दावा कोणी त्या वेळी केला असता तर मार्कनॉयकिर्खेनच्या व्हायोलिनकारांप्रमाणेच आपण हास्यास्पद ठरलो असतो, आणि महाराष्ट्र एका वैभवाला मुकला असता.

म्हणून आमचे नम्र म्हणणे असे आहे. पूर्वजांच्या कौशल्याचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु ‘ही विद्या आमची’ हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार ती आज ज्याच्या हातात आहे त्याला. आपल्या किती घरांत आज मुलगा किंवा मुलगी रंध्याचे पाते लावून देऊ शकेल? आम्ही ज्या शाळेत नोकरी केली तेथे पूर्वी सुतारकामाचा तास होता. पुढे तो बंद झाला, बाके लिलावात गेली; आणि आम्हांस विशेष जाणवले ते हे की आपल्याच ज्ञातीच्या एकाही पालकाने त्याबद्दल चौकशी केली नाही. मुले शिकली, कचेऱ्यांत व कारखान्यांत गेली, घरे बांधली, याचा आम्हां शिक्षकांना आनंदच आहे. पण जुन्या हत्यारांच्या पेट्या माळ्यावर गंजत आहेत, आणि ज्यांच्या बोटांना त्यांचा उपयोग ठाऊक आहे अशी वडीलधारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

संस्थेपुढे आम्ही दोन सूचना ठेवतो. पहिली अशी की, ज्ञातीतील वृद्ध कारागिरांकडे तरुणांनी वही घेऊन बसावे आणि प्रत्येक वस्तूची मापे, सांध्यांच्या आकृत्या, लाकडाची पारख व कामाचा क्रम लिहून घ्यावा. हत्यारांची नावे, ती ज्या गावी जशी उच्चारली जातात तशीच, नोंदवावी. दुसरी अशी की, संस्थेच्या सभागृहामागील खोलीत सुट्टीच्या दिवशी सुतारकामाचा वर्ग चालवावा, त्यात मुलगे व मुली दोघांनाही घ्यावे, आणि दुसऱ्या समाजाचे मूल आले तर त्यालाही परत पाठवू नये. प्रवेशाच्या वेळी कोणी कोणाचा हे विचारू नये. वर्षाच्या अखेरीस मात्र सेव्हिलच्या जुन्या परीक्षकांप्रमाणे प्रत्येकाकडून एक वस्तू करवून ती उजेडाकडे धरून सांधा पाहावा.

या दोन्ही कामांस पैसा फारसा लागणार नाही, वेळ लागेल. तो आपल्या निवृत्त मंडळींकडे आहे. वही आणि पेन्सिल घेऊन पहिल्या बैठकीस हजर राहण्याची आमची तयारी आहे. ज्यांच्या घरी असे वृद्ध कारागीर असतील त्यांनी संस्थेच्या कार्यालयात नाव नोंदवावे, ही विनंती करून हा लेख पुरा करतो.